अल्पसंख्य-ताणाचे मापन : मुंबईतील नोंदी व म्हसळ्याचा प्रश्न

१

दिनांक ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरेशकुमार कौशल प्रकरणात निर्णय देताना भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम वैध ठरविले. त्या निर्णयात दोन संख्यात्मक विधानांचा आधार घेण्यात आला होता. समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्ती हा देशाच्या लोकसंख्येचा अत्यल्प अंश होय, हे त्यांपैकी पहिले. आणि प्रसिद्ध झालेल्या न्यायनिर्णयांवरून पाहता दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली २०० पेक्षाही कमी व्यक्तींवर खटले झाले, हे दुसरे. कायद्यामुळे होणारी हानी किती, या प्रश्नाचे उत्तर येथे खटल्यांची संख्या मोजून देण्यात आले. ज्याच्यावर खटला झाला नाही त्याची हानीही झाली नाही, असा या गणिताचा गर्भितार्थ होता.

याच सुमारास मानसशास्त्रात व सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात निराळ्या प्रकारचे गणित रूढ झालेले होते. समाजाकडून कलंकित मानल्या गेलेल्या गटातील व्यक्तीला, सर्वांच्याच वाट्यास येणाऱ्या विवंचनांखेरीज, केवळ त्या गटाची घटक म्हणून जो अधिकचा भार वाहावा लागतो, त्यास 'अल्पसंख्य-ताण' अशी संज्ञा आहे. हा ताण खटल्यावाचूनही असू शकतो; किंबहुना खटला होऊ नये म्हणून जी खबरदारी जन्मभर घ्यावी लागते, तीत तो अधिक असतो. या मापनाची कल्पना कशी विकसित झाली, मुंबईत तिचे काय झाले, आणि मुंबईपासून दूर असलेल्या म्हसळ्यासारख्या गावी ते मापन कोणत्या रीतीने करणे युक्त ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. ३७७ व्या कलमाने कृती दंडनीय ठरविली. व्यक्तीच्या स्वभावाविषयी त्यात काही म्हटलेले नव्हते. व्यक्तीलाच विकृत ठरविण्याचे कार्य त्यानंतरच्या काळात प्रामुख्याने युरोपीय वैद्यकाने केले. महाराष्ट्रात या विषयावर ज्ञानाच्या भूमिकेवरून लिहिण्याचे धाडस र. धों. कर्वे यांनी केले. त्यांचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ मध्ये सुरू झाले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. खटल्याचा निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. जेथे प्रश्नाला उत्तर देणे हाच अपराध ठरत होता, तेथे प्रश्नकर्त्याच्या मनःस्थितीची मोजदाद होण्याचा संभवच नव्हता.

वैद्यकाच्या गृहीतकाला पहिला प्रायोगिक धक्का अमेरिकेत बसला. एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० समलिंगी व ३० भिन्नलिंगी आकर्षण असलेल्या पुरुषांच्या मानसिक चाचण्या तज्ज्ञांपुढे नावनिशीवाचून ठेवल्या. कोणती चाचणी कोणत्या गटातील व्यक्तीची, हे तज्ज्ञांस ओळखता आले नाही. १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षण हे विकारांच्या सूचीतून वगळले. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही तोच निर्णय घेतला.

परंतु यातून एक नवीन प्रश्न उभा राहिला. समलिंगी आकर्षण हा जर रोग नव्हे, तर समलिंगी व्यक्तींमध्ये खिन्नता, चिंता व आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण अधिक का आढळावे? जुन्या मताचे अनुयायी या आकड्यांचा आधार घेऊन पुन्हा व्यक्तीच्या स्वभावालाच दोष देऊ शकत होते. अल्पसंख्य-ताणाची उपपत्ती म्हणजे या आक्षेपाला दिलेले उत्तर होय.

३

ताण मोजता येतो ही कल्पना तोवर प्रस्थापित झाली होती. होम्स व राही यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनश्रेणीत आयुष्यातील ४३ घटनांना गुण दिलेले होते. विवाहास आधारभूत मूल्य मानून इतर घटना त्याच्या तुलनेत अधिक की कमी तणावाच्या, असे उत्तरदात्यांस विचारण्यात आले. अंतिम श्रेणीत जोडीदाराच्या मृत्यूस १०० व विवाहास ५० गुण मिळाले. विवाह हा मापाचा आधार ठरावा, ही गोष्ट सूचक आहे. या श्रेणीत विवाह एकदा घडतो व संपतो. ज्याला विवाह नको आहे, पण रोज त्याविषयी विचारले जाते, त्याच्या ताणाला तीत जागा नाही.

व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी १९८१ मध्ये समलिंगी स्त्रियांवरील ग्रंथात 'अल्पसंख्य-ताण' हा शब्दप्रयोग केला. इलन मेयर यांनी १९९५ मध्ये न्यूयॉर्क शहरातील ७४१ समलिंगी पुरुषांच्या माहितीवरून त्याला मोजण्याजोगे रूप दिले. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या : भेदभावाचे व हिंसेचे प्रत्यक्ष प्रसंग, लोक आपला अव्हेर करतील ही सततची अपेक्षा, आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच आत्मसात करून स्वतःविषयी बाळगलेली घृणा. या तिहींचा मानसिक क्लेशाशी स्वतंत्रपणे संबंध दिसून आला. २००३ मध्ये मेयर यांनी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी मानसिक विकार जडण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट आहे, असे त्यात निष्पन्न झाले. बाह्य घटना हे ताणाचे दूरस्थ टोक. अपेक्षा, लपवणूक व आत्मघृणा हे निकटस्थ टोक. आणि सोबत्यांचा आधार ही त्या भाराची उतराई, अशी मांडणी त्यांनी केली.

या मांडणीचे ऐतिहासिक महत्त्व असे की, आकडे तेच राहून त्यांचा अर्थ पालटला. दुःखाचे प्रमाण अधिक आहे हे मान्यच होते. परंतु त्याचे कारण व्यक्तीच्या ठिकाणी न शोधता तिच्या सभोवताली शोधावे, असे हे शास्त्र सांगू लागले.

४

मुंबईत या कार्याला अनुकूल भूमी १९९० नंतर तयार झाली. त्या वर्षी अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघाले व १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. एड्सच्या प्रतिबंधासाठी पुरुषांमधील संबंधांची माहिती शासनाला व वैद्यकाला हवी होती. त्या निमित्ताने प्रथमच नमुना घेण्याची यंत्रणा उभी राहिली.

हमसफरच्या सहकार्याने झालेला व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे विशेष उल्लेखनीय आहे. पुरुषांशी संबंध असलेल्या मुंबईतील १५० पुरुषांच्या त्यात मुलाखती घेण्यात आल्या. त्यांपैकी ४५ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार होते. २९ टक्क्यांमध्ये तीव्र खिन्नतेची व २४ टक्क्यांमध्ये चिंताविकाराची लक्षणे आढळली. या १५० पैकी एकही व्यक्ती कोणत्याही मानसिक विकारासाठी उपचार घेत नव्हती. ज्यांना सामाजिक आधार अधिक होता व ज्यांची आत्मप्रतिष्ठा शाबूत होती, त्यांच्यात हे प्रमाण कमी होते. हे आकडे प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी उपरोक्त न्यायनिर्णय आला. खटल्यांच्या हिशेबात या १५० जणांना स्थान नव्हते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात न्यायालयाने आपली भूमिका बदलली. त्यापूर्वी काही महिनेच अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई होती, न्या. नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात त्या अधिनियमाचा आधार घेतला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत ३७७ व्या कलमासारखी तरतूदच नाही.

५

मुंबईतील या मापनाच्या मर्यादाही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिली मर्यादा स्त्रियांविषयीची. रोगप्रतिबंधासाठी झालेली मोजणी पुरुषांची होती. समलिंगी स्त्रिया तीत आल्या नाहीत. ही उणीव १९९५ मध्ये 'स्त्रीसंगम' या नावाने मुंबईत सुरू झालेल्या व पुढे 'लेबिया' म्हणून ओळखल्या गेलेल्या गटाने काही अंशी भरून काढली. २०१३ मध्ये त्यांनी जन्मतः स्त्री गणल्या गेलेल्या ५० व्यक्तींच्या जीवनकथांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे गुणांची श्रेणी नव्हती, आत्मकथने होती. आणि घर हेच प्रमुख क्षेत्र होते.

दुसरी मर्यादा तर्काची. ताण व खिन्नता या दोहोंची माहिती एकाच व्यक्तीच्या तोंडून मिळते. खिन्न मनुष्याला सर्वत्र अव्हेरच दिसत असेल, तर कारण कोणते व कार्य कोणते? या शंकेला २०१० मध्ये हॅटझेनब्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्मिक उत्तर दिले. अमेरिकेतील काही राज्यांनी २००४ व २००५ मधील मतदानाने समलिंगी विवाहास घटनात्मक बंदी केली होती. त्यापूर्वी व त्यानंतर घेतलेल्या राष्ट्रीय पाहणीची तुलना करता, बंदी झालेल्या राज्यांतील समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींमध्ये भावविकारांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले. इतर राज्यांत तशी वाढ दिसली नाही. येथे ताण व्यक्तीला विचारून ठरविला नव्हता. तो कायद्याच्या पुस्तकातून घेतला होता. भारतात हाच कायदा २००९, २०१३ व २०१८ असा तीनदा पालटला. अशा तुलनेस याहून अनुकूल स्थिती क्वचितच लाभते. परंतु तीसाठी बदलापूर्वीची नोंद हाती असावी लागते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लैंगिक कलाचा प्रश्नच विचारला जात नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर होय. जो सर्वाधिक लपून आहे तो नमुन्यात येत नाही. आणि लपवणूक हाच तर ताणाचा एक प्रमुख घटक. म्हणजे मापनातून नेमके तेच निसटतात, ज्यांच्यासाठी ते करावयाचे. तमिळनाडूत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेन्नईतील १०० व कुंभकोणम् या लहान शहरातील १०० पुरुषांचा समावेश करून ही सीमा थोडी पुढे सरकविण्यात आली. परंतु कुंभकोणम् हेही शहरच होय.

६

म्हसळ्याचा प्रश्न येथे उपस्थित होतो. १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानाचा एक महाल असलेले व आज रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले हे खाडीकाठचे गाव. येथील कुणबी व कोकणी मुसलमान कुटुंबांचा चरितार्थ अनेक पिढ्या मुंबईच्या चाकरीवर व पुढे आखाती देशांतील रोजगारावर चालत आला. चाकरमानी मुंबईत एकटा असतो, पण गावापासून तुटलेला नसतो. गावकीचे मुंबई मंडळ, जमातीचे लोक, एकाच खोलीत राहणारे गावकरी यांच्या द्वारे गाव त्याच्या समवेतच असते. गणपतीला, शिमग्याला वा ईदेला तो घरी येतो, तेव्हा लग्नाचा विषय निघतोच.

अशा पुरुषाची कल्पना केली, तर मुंबईच्या नमुन्यात तो कदाचित सापडेल. म्हसळ्यात तो कोणत्याही प्रश्नावलीला उत्तर देणार नाही. आणि जी स्त्री मुंबईस गेलीच नाही, ती दोन्हीकडे अनुपस्थित राहील. न्यूयॉर्कच्या श्रेणीतील प्रश्न नोकरीच्या ठिकाणचा भेदभाव, रस्त्यावरील अपमान यांविषयीचे. म्हसळ्यात अपमान करण्यास कोणास ठाऊकच नसेल. तेथील ताण घडलेल्या प्रसंगांचा नव्हे, न घडू दिलेल्या प्रसंगांचा. श्रेणीवर त्याचे गुण शून्य भरतील व तेवढ्यावरून तो सुखी ठरेल. २०० खटल्यांच्या गणितात जी चूक झाली, तीच येथे शास्त्राच्या नावाने पुन्हा घडेल.

यावर अधिक कसोशीने शोध घ्यावा, असे कोणी सुचवील. परंतु लहान गावात शोध घेणे हेच उघडकीस आणणे होय. पाच उत्तरदात्यांचे वय, धंदा व वाडी छापली, तर नाव छापण्याची आवश्यकता उरत नाही. ज्या मापनाने मोजल्या जाणाऱ्याचे घर मोडण्याचा संभव आहे, ते मापन कितीही विश्वसनीय असले तरी करणे योग्य नव्हे.

मार्ग असेल तर तो या उपपत्तीच्या मूळ भूमिकेतच आहे. ताणाचे कारण जर सभोवतालात आहे, तर सभोवतालच मोजावा. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी समलिंगी असल्याचे कळले तर शिक्षक काय करतील. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर त्यास 'बरे' करण्याचे औषध देतील काय. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी अशा उपचारांना केलेली मनाई त्यांना ज्ञात आहे काय. तीस वर्षांच्या अविवाहित मुलाविषयी वा मुलीविषयी गावकीत व जमातीत कोणत्या शब्दांत बोलले जाते. मानसोपचारासाठी म्हसळ्याहून किती अंतर जावे लागते व तेथे गुप्तता पाळली जाते काय — हे सर्व प्रश्न बहुसंख्यांना विचारण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे देताना कोणाचेही गुपित फुटत नाही. मुंबईतील नमुन्यात मूळ गाव व गावाशी असलेला संबंध यांची नोंद घेतली, आणि ती तालुक्याऐवजी विस्तृत प्रदेशानुसारच प्रसिद्ध केली, तर या दोन माहित्यांची सांगडही घालता येईल.

७

१९३४ मध्ये प्रश्नकर्त्याला उत्तर देणारा दंडनीय ठरला. २०१३ मध्ये प्रश्नकर्ते अत्यल्प ठरले. १९५७ पासून पुढील संशोधनाने या दोन्ही भूमिकांना क्रमाक्रमाने छेद दिला, यात संशय नाही. तथापि हे संशोधन आजवर मुख्यतः ताण सोसणाऱ्यांकडेच साक्ष मागत आले आहे. महानगरात ही साक्ष देणे शक्य झाले, कारण तेथे साक्षीदारांना सोबती होते. म्हसळ्यात ती मागण्यापूर्वी ताण देणाऱ्या समाजाची जबानी घेणे हे संशोधकांचे प्रथम कर्तव्य ठरते. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे काम आपापल्या तालुक्यात हाती घेता येण्याजोगे आहे. त्यासाठी परकीय श्रेणीचे भाषांतर होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.