गृहभेटीला घाबरू नका : बाल कल्याण समितीच्या चौकशीत काय होते?

"उद्या साहेब घर बघायला येणार आहेत," असा निरोप आला की वस्तीतल्या घरात दोन गोष्टी हमखास होतात. टीव्ही उचलून शेजारी ठेवला जातो आणि मुलांना "साहेबांसमोर तोंड उघडायचं नाही" अशी तंबी मिळते. नवरा गेल्यानंतर दोन मुलांना वाढवणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका ताईंनी तर अर्जच मागे घ्यायचे ठरवले होते. "घर बघतात आणि पोरं उचलून नेतात," असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांचा अर्ज मुले घरीच राहावीत यासाठीच्या मदतीचा होता.

सरकारी कार्यालयात आपल्या माणसांना मिळालेली वागणूक पाहता ही भीती उगाच आलेली नाही. पण तिची किंमत मुले मोजतात. म्हणून ही माहिती प्रत्येक कार्यकर्त्याकडे असायला हवी.

चौकशी कधी होते?

महाराष्ट्रात साधारण दोन प्रसंगी.

पहिला, कुटुंबाने स्वतः अर्ज केल्यावर. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ, एक पालक गमावलेल्या किंवा पालकांच्या गंभीर आजारामुळे अडचणीत आलेल्या १८ वर्षांखालील मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. आजी-आजोबा, मामा, काका सांभाळत असतील तरी अर्ज करता येतो.

दुसरा, मूल बाल कल्याण समितीपुढे हजर झाल्यावर. घर सोडून गेलेले, कामावर सापडलेले, भीक मागताना दिसलेले किंवा ज्याच्याबद्दल १०९८ या हेल्पलाइनवर फोन आला असे मूल. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा मुलाला २४ तासांच्या आत समितीपुढे न्यावे लागते. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत.

समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. घरी येणारा कर्मचारी फक्त अहवाल देतो, निर्णय समिती करते. हा फरक कुटुंबाला आधीच समजावून सांगा. निम्मी भीती तिथेच कमी होते.

घरी कोण येते, काय पाहते?

जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता, बाल कल्याण अधिकारी किंवा समितीने नेमलेल्या संस्थेची व्यक्ती येते. ओळखपत्र मागणे हा उद्धटपणा नाही; नम्रपणे मागावे.

घरात कोण कोण राहते, कमावते कोण, मूल कुठे झोपते, शाळेत नियमित जाते का, आजारपण आहे का, घरात दारू किंवा मारहाण आहे का, मुलाला जीव लावणारे माणूस कोण, हे विचारले जाते. शेजारी आणि शिक्षकांकडेही विचारपूस होऊ शकते. मुलाशी एकट्याने बोलले जाते. ते योग्यच आहे, कारण आपले मत मांडण्याचा मुलाला कायद्याने हक्क आहे.

घर पत्र्याचे आहे, एकच खोली आहे, म्हणून मूल काढून घेता येत नाही. मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, हे याच कायद्याचे तत्त्व आहे. केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. म्हणून टीव्ही लपवू नका, उसनी भांडीही मांडू नका. खोटेपणा उघड झाला की खऱ्या अडचणीवरही विश्वास बसत नाही.

मात्र घरात मुलाला खरोखर धोका असेल, तर तो झाकायला मदत करू नका. आपली निष्ठा आधी मुलाशी.

कागद तयार ठेवा

आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला, शाळेचे बोनाफाइड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पालकाचा मृत्यूदाखला आणि बँक पासबुक. बालसंगोपनच्या अर्जाला राहत्या घरासमोर मुलांसह काढलेला फोटोही लागतो. एखादा कागद नसेल तर तसे सांगावे आणि तो कधी मिळेल तेही सांगावे.

धर्माचा रकाना असेल तर तिथे 'बौद्ध' लिहिले गेले का, ते पाहा. अनुसूचित जातीची सवलत जाईल या भीतीने काही घरे आजही दुसरेच लिहून घेतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे तसे करण्याची गरज नाही.

सही किंवा अंगठा देण्याआधी लिहिलेले वाचून घ्या, वाचून दाखवायला सांगा. या चौकशीला कसलीही फी नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पुढे काय?

समितीपुढे आलेल्या मुलाची सामाजिक चौकशी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून ४ महिन्यांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मूल पालकांकडे परत देणे, देखरेखीखाली परत देणे, आर्थिक साहाय्य किंवा बालगृह, असे वेगवेगळे आदेश होऊ शकतात. बालसंगोपनच्या प्रकरणांना प्रत्यक्षात वेळ लागतो. अर्जाची पोच जपून ठेवा आणि पाठपुरावा लेखी करा.

आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. प्रतिपालकत्व व प्रायोजकत्वाच्या निर्णयांवरचे अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रारही त्यांच्याकडेच करावी. महिला, बालके आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गृहभेटीच्या वेळी दहाजण दारात उभे राहू नका. कुटुंबाला हवा असेल तर एकच विश्वासू माणूस सोबत बसावा आणि उत्तरे कुटुंबालाच देऊ द्यावीत. मुलाचा फोटो, नाव, शाळा यांपैकी काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करणे हा कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मदतीच्या हेतूने टाकलेली पोस्टही यातून सुटत नाही.

त्या ताईंनी अखेर अर्ज मागे घेतला नाही. भेटीच्या दिवशी टीव्ही जागेवरच होता. "हा माझ्या मालकांनी घेतला होता," एवढेच त्यांनी सांगितले. येणाऱ्या बाईंनी ते लिहून घेतले आणि मुलीची वही पाहायला मागितली. मुले आज आईजवळच शिकत आहेत. आपल्या विहारात एखाद्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या विषयासाठी ठेवा. ज्या घराला याची गरज आहे, ते बहुधा तिथेच मागच्या रांगेत बसलेले असेल.