कंदिलाची काच : ओगलेवाडी ते हिंगोली

विजेपूर्वीच्या मराठवाड्यात घरात, गोठ्यात आणि शेतावरच्या जागलीला जो कंदील लागे, त्याची मूळ रचना अमेरिकेतली होती. जॉन आयर्विन याने १८६० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या पोकळ नळ्या जोडून वाऱ्यातही ज्योत टिकेल अशी योजना केली. पहिल्या प्रकारात वर चढलेली गरम, वापरलेली हवाच या नळ्यांतून खाली ज्योतीकडे परत येई. पुढे सुधारलेल्या प्रकारात बाहेरची ताजी हवा खाली नेली गेल्याने ज्योत अधिक पांढरी झाली आणि काजळीही कमी धरू लागली. यानंतर या रचनेत मोठा बदल झाला नाही, कारण सुधारण्यासारखे जे उरले होते, ते काचेत होते.

तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी ती तडकते. मात्र ती किती सहज तडकते हे पुष्कळसे घडणीवर अवलंबून असते. फुंकून आकार दिलेली काच झपाट्याने निवली की तिचा बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि दोहोंमधला ताण कायमचा काचेत राहतो. हा ताण घालवण्यासाठी काच वेगळ्या भट्टीत पुन्हा तापवून सावकाश निववावी लागते. परदेशी काच महाग, आणि फुटली की सबंध कंदील निरुपयोगी, ही अडचण ओळखून काचकामाकडे वळलेल्यांत स्वदेशीच्या काळातील पैसा फंड ही संस्था अग्रेसर होती. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, लोकांकडून पैसा पैसा जमवून, ती उभी राहिली आणि १९०८ मध्ये तळेगावला तिचा काच कारखाना सुरू झाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाड रेल्वे स्थानकाजवळ, औंध संस्थानाच्या हद्दीत आपला काच कारखाना काढला. कारखान्याभोवतीच्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. त्याची कीर्ती स्वदेशी माल म्हणून अधिक झाली; पण फुटलेल्या काचेच्या जागी दुसरी काच देशातच तयार मिळू लागली, हे श्रेय त्याहून मोठे मानायला हवे.

मराठवाड्यातल्या हिंगोलीच्या संदर्भात बदली काचेचे हे महत्त्व विशेष जाणवते. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची एकेकाळी छावणी असलेले हे गाव १९१२ मध्ये पूर्णेहून आलेल्या मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, लोहमार्गाने जोडले गेले. कऱ्हाडहून निघालेली काचेची पेटी पुणे-मनमाड मार्गाने यायची, तर रुळांची रुंदी बदलत असल्याने तिला पुण्याला आणि पुन्हा मनमाडला एका डब्यातून दुसऱ्यात चढवावे लागे. गवताच्या पेंढ्यात बांधलेला माल अशा प्रत्येक हाताळणीत दगावण्याची भीती असे, आणि दुकानदाराला ही तूट किमतीतच धरावी लागे.

कंदिलाचा खरा पुनर्विचार झाला तो फलटणला. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात अनिल राजवंशी यांनी ‘नूरी’ कंदील विकसित केला. त्यात वातीऐवजी मँटल होते, म्हणजे धातूंच्या क्षारांत भिजवलेली जाळी, जी जळल्यावर ऑक्साइडचा सांगाडा होऊन ज्योतीच्या उष्णतेने झळाळते. पेट्रोमॅक्स या दाबाच्या बत्तीपेक्षा कमी दाबावर चालणारा हा कंदील शंभर वॅटच्या बल्बच्या जवळपास प्रकाश देई, आणि रॉकेलप्रमाणेच अल्कोहोलवरही त्याचे प्रयोग झाले. प्रकाशाच्या हिशेबात तो ‘प्रभाकर’च्या कितीतरी पुढे होता. परंतु जुन्या कंदिलाची वात कोणत्याही सुती पट्टीची करता येई, तर मँटल हात लागताच चुरा होणारे आणि बाजारातूनच आणावे लागणारे होते. हिंगोलीजवळच्या सेनगाव किंवा औंढ्याकडच्या खेड्यातल्या गृहिणीला तो फरक दिव्याच्या तेजापेक्षा आधी कळला असता.