समुद्रावरील परवाना

परदेशीं माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला मालाच्या आधीं कागद तयार करावे लागतात. माल कोणता, कोणत्या जहाजानें व कोणत्या बंदरीं जाणार, त्यांत निषिद्ध वस्तु नाहीं ना, जकात भरली कीं नाहीं, ह्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें त्यांत द्यावीं लागतात. हा खटाटोप अर्वाचीन वाटतो. परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो सोळाव्या शतकांतच येऊन ठेपला होता, आणि तोही तोफांच्या बळावर.

वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास आला, त्या वेळीं बंदराच्या राजाची जकात दिली कीं व्यापारी मोकळा होई. खुल्या समुद्रावर जाण्यास कोणाचें आज्ञापत्र लागत नसे. पोर्तुगीजांनीं थोड्याच वर्षांत नवा दंडक घातला: त्यांच्या परवान्यावांचून फिरणारें जहाज पकडावें व लुटावें. ह्या परवान्यास ते ‘कार्ताझ’ म्हणत. त्यांत जहाजाचें व नाखुद्याचें नांव, जहाजाचा आकार, खलाशी, हत्यारें आणि जाण्याचें ठिकाण हीं नमूद असत. मिरी व युद्धसाहित्य नेण्यास बंदी असे. तुर्कांस जहाजावर घेण्याची मनाई असे. कागदाची फी क्षुल्लकच होती. खरी गोम निराळी होती. परवाना घेणाऱ्यास गोवा, दीव, होर्मुझ अशा एखाद्या पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी लागे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई त्यांच्या हवालीं केली, तेव्हां तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराथी जहाजांनीं वसईहून निघावें आणि परततांना तेथेंच येऊन जकात द्यावी, असें कलम तहांत पडलें.

जमिनीवर अजिंक्य असलेल्या मोगलांसही हा कागद चुकला नाहीं. अकबराच्या काळीं मखदूम-उल्-मुल्क ह्या धर्मशास्त्र्यानें हजला जाणें बंधनकारक नाहीं, असा अभिप्राय दिल्याचें बदाऊनी लिहितो. त्याचें एक कारण असें कीं, परवान्यावर येशू व मेरी ह्यांचीं चित्रें असत! बरें, कागद असला म्हणजे तरी निर्धास्त व्हावें, तर तेंही नाहीं. १६१३ सालीं जहांगीराच्या आईचें ‘रहीमी’ नांवाचें मोठें जहाज सुरतेजवळ पोर्तुगीजांनीं पकडलें. त्याजपाशीं त्यांचाच परवाना होता. देणाराच मोडूं लागला, तर दाद कोणाकडे मागावी? जहांगीरानें दमणवर फौज पाठविली, आग्र्याचें जेझुइटांचें प्रार्थनामंदिर बंद केलें. तह व्हावयास १६१५ साल उजाडलें.

अठराव्या शतकाच्या आरंभीं कोंकण किनाऱ्यावर हाच हक्क सरखेल कान्होजी आंग्रे सांगूं लागले. त्यांच्या परवान्यास दस्तक म्हणत. इंग्रजांशीं वाद पेटला तो नेमक्या मुद्यावर. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांविषयीं तडजोड होण्यासारखी होती. परंतु देशी व्यापाऱ्यांच्या मालास इंग्रज आपला परवाना देऊन मोकळे करूं पाहत, तें कान्होजींस मान्य नव्हतें. १७१२ सालीं त्यांनीं मुंबईच्या गव्हर्नराची नौका धरली. पुढील वर्षीं तह झाला, पण तो टिकला नाहीं. १७१८ सालीं खांदेरीवर आणि १७२१ सालीं पोर्तुगीजांच्या साह्यानें कुलाब्यावर इंग्रजांनीं चढाई केली, दोन्ही फसल्या. इंग्रजी ग्रंथांत कान्होजी ‘चांचे’ ठरले. जें पोर्तुगीजांनीं केलें तें राज्यकारभार आणि तेंच आंग्र्यांनीं केलें कीं चांचेगिरी, हा न्याय मोठा चमत्कारिकच म्हणावयाचा.

मराठ्यांचें ह्याविषयींचें धोरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आढळतें. कौल घेतलेल्या सावकाराच्या वाटेस जाऊं नये. कौल नसलेलें परकें व्यापारी जहाज आलें तरी एकाएकीं न धरतां दिलासा देऊन बंदरांत आणावें, असा त्यांतील आशय आहे.

१७५६ सालीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांचें साह्य घेऊन तुळाजी आंग्र्यांस बुडविलें. विजयदुर्गाच्या बंदरांत आरमार जळालें. तीन वर्षांनीं सुरतेचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला, आणि तेथील व्यापारी परवान्यासाठीं त्यांच्या दारीं जाऊं लागले.