निरोपाची नऊ गाणी



स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय कोणताही चालेल, असा निरोप ग्रुपवर आला आणि तासाभरात डबे, पाऊस, सहल आणि पी.टी.चे सर हे विषय वाटून संपले. माझ्या वाट्याला इतिहास उरला. इतिहासाच्या बाई सांगायच्या, आधी कारणे लिहा, मग घटना, मग परिणाम. तीस वर्षांनी त्याच क्रमाने उत्तर लिहिते. प्रश्न मात्र माझ्या आवडीचा घेतला आहे: अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या गावात तीन मुलांनी शिक्षण संपता संपता केलेला एक गाण्यांचा अल्बम. बँडचे नाव अमेरिकन फुटबॉल, अल्बमचे नावही तेच, साल १९९९. आपण १९९५ ला दहावी झालो, म्हणजे ही मुले साधारण आपल्याच वयाची.

कारणे

या संगीताला इमो म्हणतात. शब्द आपल्याकडे फारसा रुळलेला नाही, म्हणून थोडे मागे जाऊ. १९८०च्या दशकात वॉशिंग्टन शहरात हार्डकोअर पंक जोरात होते. गाणी वेगवान, छोटी, आरडाओरड्याची. विषय बहुधा राग आणि राजकारण. १९८५ साली राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडचा पहिला अल्बम डिस्कॉर्ड या छोट्या कंपनीने काढला. आवाज तोच, ठेका तोच, पण गाणारा स्वतःच्या मनातले बोलत होता. हरवलेली मैत्री, पश्चात्ताप, एकटेपण. लोकांनी याला भावनिक हार्डकोअर म्हटले आणि त्याचे पुढे इमो झाले. गंमत म्हणजे ज्यांना हे नाव चिकटले त्यांना ते मुळीच आवडले नाही. शाळेत ठेवलेल्या टोपणनावांचेही असेच होते. ज्याला ठेवले त्याला कोणी विचारत नाही, आणि ते तीस वर्षे टिकते.

१९९४ मध्ये सिएटलच्या सनी डे रिअल इस्टेट या बँडचा 'डायरी' हा पहिला अल्बम सब पॉप कंपनीकडून आला आणि हा प्रकार देशभर पोहोचला. तिकडे शिकागोच्या उपनगरात कॅप्'न जॅझ नावाचा शाळकरी पोरांचा बँड होता. टिम किन्सेला गायचा आणि त्याचा धाकटा भाऊ माइक ड्रम वाजवायचा. १९९५ मध्ये त्यांचा एकुलता एक अल्बम आला आणि त्याच वर्षी बँड फुटला.

माइक पुढे इलिनॉय विद्यापीठात शिकायला गेला. अर्बाना आणि शॅम्पेन या जुळ्या गावांतले हे विद्यापीठ. शिकागोपासून दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटर, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीनची शेते. आमच्या धंद्यातल्या माणसांना हे गाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. मोझेक हा ब्राउझर १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी याच विद्यापीठात लिहिला, आणि सामान्य माणसाला इंटरनेटचे दार उघडले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परिणामांत लागणार आहे.

घटना

१९९७ च्या सुमारास माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लॅमोस हे तिघे एकत्र वाजवू लागले. माइकने ड्रम सोडून गिटार घेतली आणि तो गाऊ लागला. होम्सकडे दुसरी गिटार. लॅमोस ड्रमवर, आणि मधूनच तो ट्रम्पेट वाजवी. बास गिटार वाजवायला कोणीच नव्हते, म्हणून अल्बममध्ये तेही काम माइकनेच उरकले.

आता जरा तांत्रिक सांगते, सवय जात नाही. गिटारच्या सहा तारा नेहमी इ, ए, डी, जी, बी, इ अशा लावतात. या मुलांनी 'नेव्हर मेंट' या पहिल्या गाण्यासाठी त्या एफ, ए, सी, जी, सी, इ अशा लावल्या. त्यामुळे बोटे न ठेवता नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी एक भरलेला, किंचित उदास स्वरमेळ निघतो. त्यावर दोन्ही गिटारी एकेक सूर सुटा वाजवत जातात. एकीचा आवर्त एका लांबीचा, दुसरीचा दुसऱ्या. स्टीव्ह राइक या अमेरिकन संगीतकाराच्या रचना ते आवडीने ऐकत. लहान स्वरवाक्य पुन्हा पुन्हा वाजवायचे आणि हळूहळू सरकवायचे, ही त्याची पद्धत यांच्या गिटारींत उतरली. ठेकाही सरळ चारचा राहत नाही, मात्रा विषम होतात. आपल्याकडे तबल्याच्या साथीला बसलेल्यांना सम चुकवून पुन्हा समेवर येण्यातली मजा माहीत आहे. इथे ती मजा आहे, पण कोणी दाद मागत नाही. सगळे हळू आवाजात चालते.

शब्दही थोडे. नऊ गाण्यांपैकी दोन तर नुसती वाद्यांची. बाकीच्यांत मोजक्या ओळी, पुन्हा पुन्हा म्हटलेल्या, बहुतेक निरोपाच्या. नुसती शीर्षके वाचली तरी कळते: एक उन्हाळा संपण्याबद्दल, एक मला आता निघायला हवे असे सांगणारे, एक आपण दोघेही एवढे भावुक नसू तेव्हा भेटू असे म्हणणारे. अमेरिकेत पदवीचे वर्ष उन्हाळ्याच्या तोंडावर संपते. खोल्या रिकाम्या होतात, भाड्याच्या घरांपुढे गाद्या आणि खुर्च्या ठेवलेल्या दिसतात. आपला निरोप समारंभ उरकल्यावर परीक्षेपर्यंतचे जे रिकामे दिवस होते, शाळा आपली असूनही आपली नसलेले, तेच दिवस या गाण्यांत आहेत.

ध्वनिमुद्रण गावातल्याच स्टुडिओत, मोजक्या दिवसांत झाले. मुखपृष्ठासाठी त्यांचा मित्र ख्रिस स्ट्राँग याने अर्बानातल्या एका साध्या लाकडी घराचा रात्री खालून फोटो काढला. ७०४ वेस्ट हाय स्ट्रीट. विद्यार्थी भाड्याने राहत ते घर. वरच्या खिडकीत दिवा आहे, माणूस दिसत नाही.

सप्टेंबर १९९९ मध्ये अल्बम विक्रीला आला तोपर्यंत बँड जवळजवळ संपलेला होता. भांडण झाले नव्हते. शिक्षण संपले, ज्याची त्याची वाट वेगळी झाली, इतकेच. होम्स नोकरीला लागला. लॅमोस पुढे कोलोरॅडो विद्यापीठात लेखनकला शिकवणारा प्राध्यापक झाला. माइक ओवेन या नावाने एकटाच गाणी करत राहिला.

परिणाम

बाई म्हणायच्या, परिणाम लिहिताना तात्कालिक आणि दूरगामी असे दोन भाग करा. तात्कालिक परिणाम एका ओळीत संपतो: कॉलेजांच्या रेडिओवर थोडे कौतुक झाले, आणि मग शांतता.

दूरगामी परिणामाला वेळ लागला. २००१ ते २००६ या काळात इमो एकदम मोठ्या बाजारात गेले. जिमी ईट वर्ल्ड आणि माय केमिकल रोमान्स यांची नावे आपल्या मुलांनाही माहीत असतील. पण त्याच वेळी दुसरीकडे, मोझेकने उघडलेल्या त्या दारातून, एक मुलगा दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला हा जुना अल्बम पाठवत होता. जाहिरात नाही, दौरे नाहीत, मुळात बँडच नाही. २०१० च्या आसपास अमेरिकेत नव्या बँडांची एक पिढी उभी राहिली, तिच्या गिटारीत सुटे सूर होते, विषम मात्रा होत्या आणि मध्येच ट्रम्पेट होता. वाजवणाऱ्यांतले बरेच जण १९९९ साली प्राथमिक शाळेत होते. या शैलीला आता मिडवेस्ट इमो म्हणतात. मलाही हा अल्बम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेल्या, पुण्यातल्या एका सहकाऱ्याने ऐकवला. आपल्या वयाच्या मुलांनी केलेले काम आपल्यानंतरच्या पिढीकडून आपल्यापर्यंत आले, याचे मला फार नवल वाटले होते.

२०१४ मध्ये अल्बमची नवी आवृत्ती निघाली आणि तिघे पंधरा वर्षांनी पुन्हा एकत्र उभे राहिले, आधी आपल्या जुन्या गावात, मग न्यूयॉर्कमध्ये. बासला माइकचा चुलतभाऊ नेट आला. २०१६ आणि २०१९ मध्ये नवे अल्बमही झाले. ते चांगले आहेत, पण ते चाळिशीतल्या माणसांचे आहेत, आणि त्यांनी बाविशीतले असल्याचा आव आणलेला नाही. स्नेहसंमेलनाला येणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

हा इतिहास वाचताना सगळे श्रेय त्या तिघांना द्यावेसे वाटते. मला मात्र दुसरी काही माणसे महत्त्वाची वाटतात. अल्बम काढला पॉलिव्हिनाइल या कंपनीने. तिची सुरुवात १९९०च्या दशकात इलिनॉयमधल्याच डॅनव्हिल गावी, शाळकरी वयाच्या मुलामुलीने घरगुती काढलेल्या संगीताच्या अंकातून झाली. आपल्या शाळेच्या हस्तलिखितासारखाच तो अंक, फक्त झेरॉक्स काढून वाटलेला. त्यांनी तुटलेल्या बँडचा अल्बम पंधरा वर्षे आपल्या यादीतून काढला नाही. मूळ टेप जपल्या गेल्या, म्हणून नवी आवृत्ती निघू शकली. आणि २०२३ मध्ये ते मुखपृष्ठावरचे घर पाडले जाण्याची शक्यता दिसताच पॉलिव्हिनाइल, बँड, फोटो काढणारा स्ट्राँग आणि आणखी काही जणांनी मिळून ते विकतच घेतले. साधे पांढरे घर, वास्तुशास्त्राच्या दृष्टीने त्यात काही विशेष नाही. पण जगभरातून लोक त्यासमोर उभे राहून फोटो काढायला येतात.

निरोप घेणारे निघून जातात, ते स्वाभाविकच आहे. त्यांनी मागे ठेवलेले काही उरायचे असेल तर कोणीतरी जागेवर राहून ते सांभाळावे लागते. आपण साठ जण साठ दिशांना गेलो. आपली हजेरीपुस्तके, बक्षिसांच्या याद्या, आपली नावे कोणी सांभाळली असतील तर ती इथे राहिलेल्या शिक्षकांनी, कारकून काकांनी आणि गावात राहिलेल्या आपल्याच चार-पाच जणांनी. स्टेजवर सत्कार त्यांचा आधी व्हावा, असे संयोजन समितीला सुचवते.

शेवटी एक काम. आपल्या वर्गाने १९९४-९५ साली 'अंकुर' हे हस्तलिखित काढले होते. एकच प्रत, निळ्या शाईतली, मुखपृष्ठावर कोयरी. शाळेच्या कपाटात ती नाही, मी विचारून झाले आहे. ज्यांच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत ती असेल त्यांनी संमेलनाला येताना घेऊन यावी. स्कॅनर मी आणते. दुपारच्या जेवणापर्यंत सगळी पाने उतरवून होतील, आणि मूळ प्रत त्याच दिवशी शाळेच्या ग्रंथालयात जमा करू.