भिंतीवरची लक्ष्मी

कमी बजेटमध्ये घर सजवायचं म्हटलं की आपण काय करतो? एक भिंत गडद रंगवतो, दोन कुंड्या आणतो आणि एक पोस्टर फ्रेम करून लावतो. बास! यातल्या पोस्टरला आपण फारसा भाव देत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या साध्यासुध्या घरांचा चेहरामोहरा बदलला तो अशाच छापील कागदाने.

त्याआधी भिंतीवर तैलचित्र असणं हा राजेरजवाड्यांचा मामला होता. सयाजीराव गायकवाडांनी १८८८ च्या सुमारास राजा रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली. लोकांनी ती बघितली, वाहवा केली... आणि हात हलवत घरी गेले! एक चित्र, एक भिंत, एक मालक. सगळी अडचण तिथेच.

ही अडचण सर टी. माधवरावांनी आधीच ओळखली होती. हे तंजावरकडचे मराठी, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. १८८४ मध्ये त्यांनी रविवर्म्याला पत्र लिहून सुचवलं, की तुझ्या दोन हातांनी एवढी मागणी पुरी व्हायची नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात छापून घे. शेवटी १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईतच छापखाना काढला. (हा पहिला नव्हे हं! चिपळूणकरांच्या पुण्यातल्या चित्रशाळेत १८७८ पासून रंगीत चित्रं छापत होते.)

आता थोडं तंत्र. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. शाई फक्त तेलकट भागाला धरते, ओल्या भागाला नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तरी लक्ष्मीचं कुंकू भुवईवर! वरून व्हार्निश मारलं की तैलचित्राची झाक येते. म्हणजे सगळी मेहनत दगड तयार करण्यात. एकदा ते झाले की पुढची प्रत जवळजवळ कागद-शाईच्या खर्चात. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे गणित समजवायला नको :-)

पण खरी गोष्ट पुढेच आहे. काळाराम मंदिर सत्याग्रह झाला १९३० मध्ये. देवळात जायला मिळावं म्हणून माणसांना झगडावं लागत होतं. त्याच्या ३६ वर्षं आधी लक्ष्मी-सरस्वती बाजारात आल्या होत्या, आणि पैसे मोजले की कोणाच्याही भिंतीवर जात होत्या. चित्र विकणारा जात विचारून चित्र विकत नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत एक खिळा ठोकला की स्वतःचं देवघर तयार.

छापखान्याचं काय झालं? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि पुढे बिऱ्हाड लोणावळ्याजवळ मळवलीला हललं. (लोहगडला जाताना आपण उतरतो तेच स्टेशन.) धंदा काही रविवर्म्याला जमला नाही. १९०१ च्या सुमारास त्याने तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. मग तीच चित्रं कॅलेंडरांवर आणि जाहिरातींवर दिसू लागली. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली.

या स्वस्ताईची एक किंमत होतीच. लक्ष्मी म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर कमळावर उभी, साडी नेसलेली, तीच एक मूर्ती येते. घरोघरी एकच व्हर्जन!

पण बायकांनी त्यावरही उपाय काढला. विकत आणलेल्या चित्रातल्या देवीला त्या खऱ्या कापडाची साडी चिकटवायच्या, काठाला जर, दागिन्यांना टिकल्या आणि मणी. अशी नटवलेली चित्रं आज संग्राहक हौसेने जपतात. दगड तोच, छाप तीच, पण अशा दोन लक्ष्म्या शेजारी ठेवल्या तर साड्या वेगळ्या, टिकल्या वेगळ्या. कोणत्या घरची कोणती, ते त्या घरची बाई लांबूनही सांगू शकली असती.