फेरूल (विद्युत जोडणी)

फेरूल म्हणजे बहुतंतू तारेच्या सोललेल्या टोकावर चढवून दाबून बसवायची, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची छोटी नळी होय. तिच्या मागील बाजूस बहुधा प्लास्टिकची रंगीत कॉलर असते. नळजोडणीतील फेरूल निराळे.

बहुतंतू तार स्क्रूखाली थेट आवळली की तंतू फाकतात, काही तुटतात, काही बाहेरच राहतात. संपर्काचे क्षेत्र घटून रोध वाढतो आणि सांधा तापतो. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात बरेचसे सिंचन विहिरी व कूपनलिकांवरील मोटारींवर चालते. तेथे हा क्षुल्लक वाटणारा दोष महागात पडतो. स्टार्टरमधील तीनपैकी एका फेजचा सांधा सुटला, तर मोटार उरलेल्या दोन फेजमधून जादा प्रवाह खेचते; ओव्हरलोड रिलेने वेळीच पुरवठा तोडला नाही तर वाइंडिंग जळते. ऐन उन्हाळ्यात पाणबुडी मोटार वर काढणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

फेरूल तारेच्या मापाचेच असावे लागते. जर्मन मानक डीआयएन ४६२२८ नुसार कॉलरचा रंग १.५ चौरस मिलिमीटरसाठी काळा, २.५ साठी निळा, ४ साठी करडा, तर ६ साठी पिवळा असतो. सर्व तंतू नळीत घेऊन ती क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबतात व तार ओढून पाहतात. साध्या पक्कडीने चेपलेल्या फेरूलाचा भरवसा नसतो. फेरूलाऐवजी टोकास डाख देण्याची प्रथा सदोष आहे, कारण डाख दाबाखाली हळूहळू सरकतो आणि स्क्रू सैल पडतो. एकसंध तारेस फेरूल लागत नाही. ॲल्युमिनियमच्या तारेस तांब्याचे फेरूल वर्ज्य. ओलाव्यात या दोन धातूंचा सांधा गंजतो.