वंगण काढायचे कशाने?

ऑगस्ट १८८८. जर्मनीतील मानहाइम येथून बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन भल्या सकाळी निघाल्या. वाहन होते त्यांचे पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी मोटारगाडी. जायचे होते फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. पुढे इंधनच संपत आले. पेट्रोल पंप ही गोष्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हती. त्यांनी वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेतले आणि गाडी पुढे नेली.

औषधाच्या दुकानात इंधन कसे काय? लिग्रॉइन हा खनिज तेलाचा एक हलका अंश, पेट्रोलचाच भाऊबंद. कपड्यांवरचे तेलकट डाग काढण्यासाठी ते दुकानात ठेवत असत. म्हणजे मोटारीला पळवण्याआधी हे द्रव्य डाग काढण्याचे काम करत होते! मोटार आली, तिच्यात वंगण आले, वंगणावर धूळ बसली, आणि इंधनच पुन्हा साफसफाईच्या कामाला जुंपले गेले.

इंजिनावरचा काळा थर पाण्याने का जात नाही, हे आपण वर्गात शिकवतोच. झिरपलेले तेल, रस्त्यावरची धूळ आणि उष्णता यांनी तो चिवट बनतो. पाण्याचे रेणू ध्रुवीय, तेलाचे अध्रुवीय, म्हणून त्यांचे जमत नाही. पेट्रोल आणि तेल मात्र एकाच जातकुळीचे. चिंधी बुडवली, फिरवली, की थर विरघळून येतो. आमच्या पाहण्यातल्या कितीतरी गॅरेजांमध्ये पत्र्याच्या डब्यात पेट्रोल किंवा रॉकेल घेऊन सुटे भाग उघड्या हातांनी धुतले जातात. हे काम बहुधा तिथल्या सर्वांत लहान पोराकडे असते.

यातला पहिला धोका आगीचा. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. दुसरा धोका दिसत नाही. १९२३ मध्ये अमेरिकेत टेट्राएथिल लेड मिसळलेले पेट्रोल विक्रीला आले. हे शिशाचे संयुग तेलात विरघळते, म्हणून ते कातडीतूनही शरीरात शिरते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात त्याच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तेव्हा त्याचे जनक थॉमस मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. त्याआधी त्यांना स्वतःलाच शिशाची बाधा झाली होती! भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ साली. मधल्या काळात त्याने भाग धुणाऱ्या हातांची गणती कोणी ठेवली नाही.

आगीवरचा उपाय आधीच सापडला होता, असे वाटत होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेनॉ यांनी १८३९ मध्ये कार्बन टेट्राक्लोराइड बनवले होते. ते वंगण उत्तम विरघळवते आणि मुळीच पेटत नाही. इतके, की विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ते पितळी हातपंपात भरून मोटारींसाठी आग विझवण्याचे साधन म्हणून विकले जाऊ लागले. घरातल्या डागांसाठीही त्याच्या बाटल्या मिळत. लोकांना ते सुरक्षित वाटले, आणि आगीच्या बाबतीत ते खरेही होते. पण बंद खोलीत त्याची वाफ हुंगणाऱ्यांची यकृते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. तापलेल्या धातूवर पडल्यास त्यातून फॉस्जीन बनते, म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. अमेरिकेत घरगुती वस्तूंमधून ते हद्दपार व्हायला १९७० साल उजाडले.

कारखान्यांनी मग ट्रायक्लोरोएथिलीन जवळ केले होते. त्याची रीत मोठी सुबक. टाकीच्या तळाशी हा द्रव उकळायचा (उत्कलनबिंदू ८७ अंश सेल्सिअस) आणि थंड यंत्रभाग वर वाफेत टांगायचा. वाफ भागावर द्रवरूप होते, वंगण घेऊन खाली ठिबकते, आणि भागाला दर वेळी ताजा, स्वच्छ द्रव मिळतो. ऊर्ध्वपातनाचे याहून चांगले उदाहरण शोधून मिळणार नाही. पण वापरलेला द्रव जमिनीत ओतला गेला. तो पाण्यापेक्षा जड असल्याने भूजलाच्या तळाशी जाऊन बसला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वोबर्न येथे १९७९ मध्ये याच कारणाने सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या दोन विहिरी बंद कराव्या लागल्या. आज हे द्रव्य माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात गणले जाते.

त्याच्या जागी कमी विषारी म्हणून ट्रायक्लोरोएथेन आणि क्लोरोफ्लुओरोकार्बन वर्गातले द्रव आले. हा वर्ग प्रचारात आणणारे पुन्हा मिजलीच. हे द्रव पेटत नाहीत आणि हाताळणाऱ्यालाही फारसे बाधत नाहीत. पण त्यांनी ओझोनचा थर पोखरला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात आणि १९९० च्या लंडनमधील दुरुस्तीत ही द्रव्ये एकेक करून बंद करण्याचे ठरले. कार्बन टेट्राक्लोराइडही त्यात होते. भारताने ते धुण्यासाठी वापरणे २०१० पर्यंत थांबवले.

या साऱ्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे. दर वेळी नवे द्रव्य ‘सुरक्षित’ म्हणून आले, आणि जुन्या धोक्यापुरते ते सुरक्षित होतेही. पण सुरक्षित म्हणजे कशापासून, आणि कोणासाठी? गाडीच्या मालकासाठी, धुणाऱ्या पोरासाठी, की खालच्या विहिरीतून पाणी भरणाऱ्या घरासाठी? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर रसायनशास्त्राचा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.

अखेर आपण वळलो ते पाण्याकडेच. अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला, आणि तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगू लागतात. दोन परीक्षानळ्यांत पाणी आणि थोडे खाद्यतेल घ्या. एकीत भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब टाका, दोन्ही हलवा आणि पाच मिनिटे ठेवा. फरक मुलेच सांगतील.

घरी बॉनेट उघडून इंजिन पुसायचे, तर एवढे पुरते. प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या भागावर गार पाणी पडले तर तो तडकू शकतो, आणि गरम रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. गाडीचा सांगाडा ऋण अग्राला जोडलेला असतो. आधी धन तार सोडताना पाना सांगाड्याला टेकला, तर मंडल लघुपथित होऊन ठिणग्या उडतात. (याचे कारण मुलांना आकृती काढून शोधू द्या.) हवा घेण्याचे तोंड, अल्टरनेटर आणि विजेच्या जोडण्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकाव्यात. कोरडी धूळ आधी ब्रशने काढावी. मग सौम्य अपमार्जकाच्या पाण्यात पिळलेले फडके फिरवावे, जोराचा फवारा मारू नये. कॉस्टिक सोडा तर नकोच, कारण तो अॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. शेवटी सारे पुसून, पूर्ण वाळवून मगच आधी धन, नंतर ऋण तार जोडावी. संकरित किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीतील नारिंगी तारांना हात लावू नये, तिथे शेकडो व्होल्ट असतात.

राहिले ते काळे पाणी आणि तेलकट फडकी. पाणी गटारात किंवा विहिरीजवळ सोडायचे नाही. शक्यतो फडक्यानेच पुसून घ्यावे, म्हणजे पाणी थोडेच उरते. तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, पसरून वाळवावीत. आणि शाळेशेजारच्या गॅरेजात पेट्रोलच्या डब्यात हात घालून बसलेला पोरगा दिसला, तर त्याच्या मिस्त्रीशी दोन शब्द जरूर बोलावे. कदाचित तो पोरगा आपल्याच वर्गातून गळालेला असेल.